मूळ अवयव: भाग देणं थांबवायचं कधी?

शिरोळहून बोलतोय. माझी पुतणी पाचवीत आहे, स्कॉलरशिपची तयारी चाललीय. परवा सराव पेपरात तिनं २२१ ला २, ३, ५, ७ नं भाग देऊन पाहिला, एकही जाईना. लिहून टाकलं, "मूळ संख्या". मार्क गेला. का, ते बघू.

मूळ संख्येला १ आणि ती स्वतः, एवढे दोनच विभाजक. अवयव पाडायची रीत सोपी आहे: २ पासून सुरू करा, भाग जाईल तोवर देत राहा, मग पुढची मूळ संख्या घ्या. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर ज्या संख्येमुळे जगभर ओळखले जातात, ती ६१७४ घ्या. २ नं भागून ३०८७. ३ नं दोनदा भागून ३४३. ५ जात नाही. ७ नं तीनदा भागलं की उरतो १. म्हणजे ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७.

पण भाग जातच नसेल तर थांबायचं कधी? पुढच्या मूळ संख्येचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा मोठा झाला की. कारण अवयव जोडीनं येतात, आणि जोडीतले दोघंही एवढे मोठे असले तर गुणाकार संख्येच्या पुढे जातो. १३ चा वर्ग १६९, १७ चा २८९. म्हणून २२१ साठी १३ पर्यंत बघायचंच. आणि १३ × १७ = २२१!

पोरगी दोनच पायऱ्या आधी थांबली होती.

आता तुम्ही सांगा, ३२३ मूळ आहे का? घाई करू नका. भेटू पुढच्या भागात.