रस्त्यावरचा थरार: थोडक्यात

• एक्स्प्लॉइटेशनपट : कमी खर्चात काढलेला, हिंसा, वेग वा लैंगिकतेच्या जोरावर विकला जाणारा सिनेमा. प्रदर्शन पूर्वी मुख्यतः ड्राइव्ह-इन आणि ग्राइंडहाउस (स्वस्तातल्या) थिएटरांत.

• रोड मूव्ही आणि रोड थ्रिलर : पहिल्यात प्रवास महत्त्वाचा, दुसऱ्यात पाठलाग.

• ‘ड्युएल’ (1971) : स्टीव्हन स्पीलबर्गचा टीव्हीपट. ट्रकचालकाचा चेहरा दिसत नाही. दिसतात फक्त हात आणि बूट.

• ‘डेथ रेस 2000’ (1975) : निर्माता रॉजर कॉर्मन. पादचाऱ्यांना चिरडून गुण मिळवण्याची शर्यत.

• ‘मॅड मॅक्स’ (1979) : दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे डॉक्टर. खर्च सुमारे 4 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. पाठलागात मिलर यांची स्वतःची व्हॅन फोडली. मोजक्या नटांनाच खऱ्या चामड्याचे कपडे, बाकीच्यांना रेक्झिनचे. अमेरिकेत अमेरिकन आवाजांत डब होऊन प्रदर्शित.

• ओझप्लॉइटेशन : 1970-80च्या दशकांतील ऑस्ट्रेलियन एक्स्प्लॉइटेशनपट. 1981च्या करसवलतीमुळे तिथे चित्रपटात पैसा गुंतवणाऱ्यांची संख्या वाढली.

• ‘द हिचर’ (1986) : लिफ्ट मागणाराच खुनी. भूमिकेत रटगर हाउअर.

• ‘डेथ प्रूफ’ (2007) : क्वेंटिन टॅरंटिनोची एक्स्प्लॉइटेशनपटांच्या परंपरेला सलामी. अमेरिकेत ‘ग्राइंडहाउस’ या जोडचित्रपटाचा भाग म्हणून प्रदर्शित.