शब्दांची खोती

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव शंकराच्या देवळासाठी आणि नारळीच्या बनांलगतच्या समुद्रकिनाऱ्यासाठी ओळखले जाते. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथे आहे. मुंबई-पुण्याची मोठी ग्रंथालये येथून दूर. परंतु ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले, आणि वेळणेश्वरच्या विद्यार्थ्याला व बोस्टनच्या विद्यार्थ्याला एकाच यंत्रास एकच प्रश्न विचारता येऊ लागला. साहजिकच हे यंत्र कितपत उपयुक्त आणि त्याचे लेखन कितपत स्वतंत्र, हा वाद आता महानगरांपुरता उरलेला नाही.

उपयुक्ततेविषयी फारसा मतभेद होण्याचे कारण नाही. नोय आणि झँग या अमेरिकी संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कार्यालयीन स्वरूपाच्या लेखनास लागणारा वेळ यंत्राच्या साहाय्याने सुमारे ४० टक्क्यांनी घटला व दर्जा १८ टक्क्यांनी सुधारला. विशेष म्हणजे मुळात कच्चे लिहिणाऱ्यांचा लाभ अधिक झाला. ज्या कारकुनाचा अर्धा दिवस इंग्रजी पत्राच्या मसुद्यात जातो, त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

स्वतंत्रतेचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. उसने घेणे हाच दोष मानला, तर मराठी वाङ्मयाचे मोठे दालन बंद करावे लागेल. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’वरून आले, देवलांचे ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून. तरीही या कृती कोणी नक्कल म्हणून बाजूस सारल्या नाहीत. कारण परक्या वाक्याला मराठीत कोणता शब्द शोभेल, काय ठेवावे व काय गाळावे, याचा निर्णय एका माणसाने केला आणि त्या निर्णयाखाली आपले नाव घातले. यंत्र पूर्वीच्या लेखनातील शब्दांच्या संगतीवरून पुढचा शब्द संभवाने ठरविते. चूक झाली तरी त्याची अब्रू जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात २००७ साली हेच सूत्र धरले: केवळ श्रम पुरेसे नाहीत, कौशल्य, विवेक आणि थोडी तरी सर्जनशीलता हवी.

दुसरा धोका सामुदायिक आहे. डोशी आणि हाउझर यांच्या २०२४ मधील प्रयोगात यंत्राकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या कथा एकेकट्या पाहता सरस ठरल्या, पण परस्परांशी अधिक मिळत्याजुळत्या निघाल्या. व्यक्तीचा फायदा आणि समाजाचा तोटा हा गायरानाचा जुनाच पेच होय. प्रत्येकाने आपली गाय सोडावी यात गैर काही नसते. उजाड होते ते रान.

मग हे पीक कोणाचे, हा प्रश्न उरतो. कोकणाला तो नवा नाही. कूळ कसत असे आणि खोत वाटा नेत असे. पाठ्यपुस्तककार, पत्रकार, अनुवादक, विकिपीडियावर विनामूल्य राबणारे हौशी लेखक यांनी पिकविलेल्या शब्दांवर आज काही मोजक्या कंपन्या उभ्या आहेत. उपमा पूर्णांशाने लागू पडत नाही, हे खरे. नेलेल्या भाताने कुळाची कणगी रिती होत असे. नेलेला शब्द लेखकापाशीही राहतो. परंतु त्याच शब्दांवर पोसलेले यंत्र त्याच लेखकाचे काम स्वस्तात करू लागले, तर कणगी दुसऱ्या वाटेने रिती होतेच. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआय कंपनीविरुद्ध दावा लावला तो याच मुद्द्यावर.

डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ मध्ये. त्या मागणीचा रोख शेतीवर नव्हता, मधल्या वाट्यावर होता. यंत्राच्या बाबतीतही हाच विवेक हवा. बंदीची भाषा व्यर्थ आहे. शब्द पिकविणाऱ्यास मोबदला मिळेल अशी कायदेशीर तरतूद ही न्याय्य मागणी आहे. मात्र तिला पुन्हा बारा वर्षे लागू नयेत.

शिक्षकांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जी वस्तू विपुल होते तिचे मोल उतरते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. सफाईदार अहवाल आता विपुल झाला आहे. दुर्मीळ राहिली आहे ती पडताळणी आणि प्रत्यक्ष निरीक्षण. वेळणेश्वरच्या बागायतदाराला नारळामागे काय सुटते, मधला दलाल किती घेतो, घरातील मुलगा मुंबईस का गेला, हे यंत्राला ठाऊक नाही, कारण ते कोणी लिहूनच ठेवलेले नाही. विद्यार्थ्याला तेथे पाठवावे, त्याने आणलेल्या माहितीवर तोंडी प्रश्न विचारावेत, आणि मग मसुदा सुधारण्यास त्याने यंत्र खुशाल वापरावे. विचारले असता जे त्याला स्वतःच्या शब्दांत समर्थिता येईल, तेवढेच त्याचे समजावे.