कार्ले लेणी
कार्ले लेणी : महाराष्ट्रातील प्रसिद्ध बौद्ध लेणी. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोणावळ्याजवळ डोंगराच्या कुशीत ही कोरलेली असून लेखांत या स्थानाचे नाव वलूरक असे येते. येथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे असून त्याची लांबी सु. ३८ मी. व रुंदी सु. १४ मी. आहे. ते इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील आहे. छताच्या लाकडी फासळ्या मूळच्याच आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे लेखात म्हटले आहे. इतर दात्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत.

दर्शनी भागातील शिल्पे दोन काळांतील आहेत. दारांलगतची भव्य दांपत्ये आणि ओवरीच्या दोन्ही टोकांचे हत्ती मूळ कामातील होत. त्या काळी पूजा स्तूपाची होई. बुद्धमूर्ती कोरलेली नव्हती. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास महायान पंथीयांनी मोकळ्या जागी, तर कोठे जुनी वेदिकापट्टी तासून, बुद्ध व बोधिसत्त्व यांच्या मूर्ती कोरल्या. धर्मविचारातील हे स्थित्यंतर एकाच भिंतीवर पाहावयास मिळते.

चैत्यासमोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे. ती कोळी व इतर अनेक समाजांची कुलदेवता असून चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. चैत्यापुढे एक सिंहस्तंभ उभा आहे. त्याच्या जोडीच्या स्तंभाच्या जागी हे मंदिर उभारले असावे, असे मानतात.