त्याग कशाचा करावा, चहाचा की खर्ऱ्याचा?



राखेचा बुधवार जवळ आला की ‘यंदा काय सोडायचे?’ हा प्रश्न निघतो. गोंदिया जिल्ह्यात, मग ते दवनीवाडा असो वा गोंदिया शहर, या प्रश्नासोबत खर्ऱ्याचे नाव येणे स्वाभाविक आहे. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा दिवसातून कितीदा तोंडात जातो, याची गणती खाणाऱ्यालाही नसते. चाळीस दिवस तो सोडण्याचा संकल्प स्तुत्य आहे. परंतु त्याला त्याग म्हणावे काय?

प्रायश्चित्तकाळात ख्रिस्तसभा जे वर्ज्य करावयास सांगते, ते मुळात वाईट नसते. राखेच्या बुधवारी व पवित्र शुक्रवारी १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांसाहार टाळावा आणि १८ ते ५९ वयाच्या भाविकांनी एकवेळच पोटभर जेवावे, असा नियम आहे. मांस आणि अन्न ही देवाचीच दाने. ती काही काळ दूर ठेवायची व पुनरुत्थान रविवारी आभारपूर्वक पुन्हा स्वीकारायची. खर्ऱ्याचे तसे नाही. तंबाखू व सुपारी दोन्ही कर्करोगास कारणीभूत ठरतात. सुपारीने तोंड उघडेनासे होते. मग पास्काच्या सकाळी पानठेल्यावरून कोणते दान परत आणायचे? खर्रा कायमचाच सोडावा. त्यासाठी राखेच्या बुधवारची वाटही पाहू नये. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मदत मिळते.

त्यागासाठी मात्र निर्दोष सवय निवडावी. २६ फेब्रुवारी २०२० रोजी, राखेच्या बुधवारी, पोप फ्रान्सिस यांनी टीव्ही बंद करून बायबल उघडण्याचे आणि मोबाईलपासून दूर होऊन शुभवर्तमानाशी जोडले जाण्याचे आवाहन केले होते. दुपारचा चहाही चालेल. चार वाजता तलफ आली की ती दडपू नये, तीच प्रार्थनेची घंटा समजावी. हात रिकामा असतो, मन चुळबुळत असते. त्याच पाच मिनिटांत त्या दिवसाच्या शुभवर्तमानाचा उतारा सावकाश वाचावा. पहिला आठवडाभर लक्ष घड्याळाकडेच जाईल. जाऊ द्यावे. आपले मन कोणाच्या ताब्यात होते, हे तेव्हाच उमगते. डोके दुखले म्हणून घरच्यांवर मात्र चिडू नये. सासऱ्याच्या त्यागाची किंमत सुनेने का मोजावी? चहाचे वाचलेले पैसे गरजूला द्यावेत.

पाहुणे म्हणून गेलो आणि यजमानांनी चहा पुढे केला तर? निमूटपणे प्यावा. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू उपवास गुप्त ठेवावयास सांगतो. दुसऱ्या दिवशी चार वाजता संकल्प पुन्हा सुरू करावा.