पोळ्यातली रिकामी घरं

मधपाळ पेटी उघडतो, एक चौकट वर काढून उजेडात धरतो. राणी जोमदार असली की पोळ्याच्या मध्यभागी झाकलेल्या घरांचा सलग तपकिरी पट्टा दिसतो. कधी कधी मात्र त्या पट्ट्यात जागोजागी रिकामी घरं असतात, कणसातले मधले मधले दाणे कुणी टिपून न्यावेत तशी. रोग नाही, मेणकिडा नाही, राणीही धडधाकट. त्या घरांत अंडी घातली गेली होती, अळ्याही निघाल्या होत्या. त्या कामकरी माश्यांनीच खाऊन टाकल्या.

याचा उलगडा व्हायला शंभरावर वर्षं गेली. सायलेशियातले धर्मगुरू आणि मधपाळ यान जेर्झोन यांनी १८४५ साली मांडलं, की नर माश्या फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात. मादीत ३२ गुणसूत्रं, नरात १६. म्हणजे नराला बाप नसतो, पण आईकडचा आजोबा असतो! मुंग्या आणि गांधीलमाश्यांचंही तसंच. पण गुणसूत्रांचा एक संच म्हणजे नर आणि दोन म्हणजे मादी, एवढ्यावर हिशेब जुळेना. अमेरिकेत फिनियास व्हाइटिंग एका छोट्या परजीवी गांधीलमाशीवर काम करत होते. जवळच्या नात्यात संकर झाला की दोन संच असलेले नरही निपजतात, हे त्यांनी दाखवलं.

मग मधमाश्यांत असे नर का दिसत नाहीत? पोलंडच्या येझी व्होयके यांनी १९६३ साली याचा छडा लावला. त्यांनी अंडी पोळ्याबाहेर उबवली, अळ्यांना कामकरी माश्यांपासून दूर ठेवून स्वतः भरवलं आणि दोन संचांचे नर वाढवून दाखवले. पोळ्यात मात्र अशी अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच कामकरी माश्यांच्या तोंडी जाते. इतका साधा, इतका निर्णायक प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो.

मार्टिन बाये आणि सहकाऱ्यांनी २००३ साली यामागचं जनुक शोधून काढलं. त्याच्या दोन वेगळ्या आवृत्त्या एकत्र आल्या तर मादी. एकच असली तर नर, आणि दोन्ही सारख्या असल्या तरी नरच. हे जनुक मादीपणाच्या एका जुन्या जनुकाची प्रत होऊन निर्माण झालेलं आहे. प्रत झाल्यावर तिला नवं काम मिळालं, आणि वेगळेपणाला इथे इतकं मोल, की त्या एका जागी शंभराहून अधिक आवृत्त्या साठल्या. विरळ आवृत्तीला सारखी जोडीदार भेटण्याची भीती कमी, म्हणून ती टिकते, पसरते. राणी दहा-पंधरा नरांशी मीलन करते, त्यामुळेही धोका वाटला जातो.

मुंग्यांनी या गोष्टीला वेगळंच वळण दिलं. व्हॉलेनहोव्हिया या मुंगीत २०१५ साली लिंग ठरवणाऱ्या दोन जागा सापडल्या. एकीत मधमाशीच्या जनुकाचे नातलग होते, दुसरीत नव्हते. पुढे अर्जेंटिनी मुंगीत त्या दुसऱ्या जागेशी जुळणारा भाग मिळाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधातली खरी नवलाई म्हणजे तो भाग प्रथिन बनवतच नाही. त्यातून निघतो तो नुसता आरएनए. आवृत्त्या वेगळ्या असल्या की तो भरपूर तयार होतो आणि मादी घडते. नियम तोच, यंत्रणा निराळी.

या नियमाची परीक्षा आपल्या ओळखीच्या माशीनेही दिली आहे. सह्याद्रीत जिला सातेरी म्हणतात, त्याच जातीच्या आशियाई माश्या २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स इथे एका नौकेच्या डोलकाठीत सापडल्या. मूळ टोळी इवलीशी, लिंगजनुकाच्या आवृत्त्या जेमतेम सात. त्यांच्या पोळ्यांतही घरं रिकामी राहत असणार. तरी त्या फोफावल्या. संशोधकांनी वर्षानुवर्षं नमुने तपासले तेव्हा दिसलं, की सुरुवातीला विरळ असलेल्या आवृत्त्या वाढत गेल्या, सर्रास असलेल्या घटल्या, आणि सातही हळूहळू एकमेकींच्या बरोबरीला येत गेल्या.