बारावीच्या निकालाआधी डिस्चार्ज बुक उघडा
वर्दी उतरल्यावर : भाग 5

बारावीचा निकाल लागला की पेण-रोह्याच्या फौजी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘माजी सैनिकांच्या मुलांना कॉलेजसाठी काहीतरी असतं म्हणे.’ असतं. पण ते ‘काहीतरी’ एक नाही, चार-पाच योजनांचं मिळून आहे. प्रत्येकीची अट वेगळी, आणि त्यातली सर्वांत मोठी योजना फक्त पहिल्या वर्षीच दारात उभं करून घेते. गेल्या भागात आपण पेन्शनचे कागद पाहिले. आज त्याच कागदांच्या जोरावर मुलगा-मुलगी कॉलेजात कशी जातात ते पाहू.

सर्वांत मोठी ती पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. 2006-07 पासून दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड ती चालवतं. भूदल, नौदल, वायुदल आणि तटरक्षक दलातल्या माजी सैनिकांची मुलं आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी ती आहे. दरवर्षी देशभरातून 5500 नवे विद्यार्थी घेतात, निम्मे मुलगे, निम्म्या मुली. 2019-20 पासून मुलीला महिना 3000 आणि मुलाला 2500 रुपये मिळतात. वर्षाचे पैसे एकदम विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगचा हिशेब केला तर मुलीच्या वाट्याला 1,44,000 रुपये. खासगी कॉलेजच्या फीपुढे हे फार नाहीत. पण पेणची मुलगी पुण्यात खोली करून राहिली, तर मेसचं बिल यातून भागतं आणि बापाच्या पेन्शनला हात लावावा लागत नाही.

सीआरपीएफ किंवा बीएसएफमधून निवृत्त झालेल्यांनी या रांगेत उभं राहू नये. त्यांच्यासाठी याच नावाची वेगळी योजना गृह मंत्रालयाची आहे. नाव एकच असल्यामुळे अर्ज चुकीच्या ठिकाणी जातो आणि मोसम निघून जातो.

आता अटी. बारावीला (किंवा ज्या परीक्षेवर प्रवेश मिळाला तिला) किमान 60 टक्के हवेत. अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा : इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, बी.एड., बीबीए, बीसीए आणि असेच बोर्डाच्या यादीतले इतर. अर्ज पहिल्या वर्षात असतानाच करायचा. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर शेजाऱ्याने सांगितलं, म्हणून धावलात तर उपयोग नाही. अपवाद डिप्लोमावाल्यांचा : पेणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाचं तेच पहिलं वर्ष धरतात. डिप्लोमा चालू असताना मात्र ही शिष्यवृत्ती नाही. एकदा मिळाली की दरवर्षी 50 टक्के राखले पाहिजेत, नाहीतर पुढचा हप्ता थांबतो.

इथे आपल्या दोन तालुक्यांची अडचण सुरू होते. पेणचं भाऊसाहेब नेने महाविद्यालय घ्या, नाहीतर रोह्याचं कोकण एज्युकेशन सोसायटीचं डॉ. सी. डी. देशमुख महाविद्यालय. गावातल्या कॉलेजात जाणारी बहुतेक मुलं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला जातात, कारण ते घरापासून जवळ आणि परवडणारं असतं. साधी बी.ए. किंवा बी.कॉम. पंतप्रधान शिष्यवृत्तीत बसत नाही. म्हणजे घर सोडून लोणेऱ्याला किंवा पुण्याला जाणाऱ्याला पैसे, आणि आईच्या हाताखाली राहून रोह्यात शिकणारीला काही नाही. ज्या चिंतामणराव देशमुखांचं नाव रोह्याच्या कॉलेजला आहे, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या नावाच्या कॉलेजात वाणिज्य शिकणारी हवालदाराची मुलगी या योजनेच्या हिशेबात मात्र येत नाही. मला हे पटत नाही, पण नियम असा आहे.

तिच्यासाठी दुसरी वाट आहे. संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षण अनुदान मिळतं : पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांना. विधवेला स्वतःला पदव्युत्तर शिकायचं असेल तर तिलाही. ही रक्कम बरीच वर्षं महिना 1000 रुपये होती. 1 नोव्हेंबर 2025 पासून येणाऱ्या अर्जांना ती 2000 झाली, म्हणजे वर्षाला 24,000. हे अनुदान मुलाने पास केलेल्या मागच्या वर्गासाठी मिळतं, त्यामुळे गुणपत्रिका हातात आली की लगेच अर्ज टाकायचा. तोच खर्च दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेतून घेत नसल्याचं लिहून द्यावं लागतं; म्हणून दोन-तीन अर्ज एकदम टाकण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या.

सुभेदाराची मुलगी रोह्यात बी.ए. करत असेल तर? हुद्द्यामुळे अनुदान नाही, अभ्यासक्रमामुळे शिष्यवृत्ती नाही. तिच्याकडे उरते ती राज्याची फी सवलत. महाडीबीटी पोर्टलवर उच्च शिक्षण संचालनालयाच्या योजनांत ‘माजी सैनिकांच्या पाल्यांना शैक्षणिक सवलत’ म्हणून ती सापडते. फार लोक तिथपर्यंत उतरून वाचत नाहीत.

प्रवेशाच्या वेळची सवलत वेगळी, आणि माझ्या मते पैशापेक्षा मोलाची. राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश प्रक्रियेत संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. माजी सैनिकांची, महाराष्ट्राचे रहिवासी असलेली मुलं ‘डिफेन्स-1’ गटात येतात, सेवेतल्यांची ‘डिफेन्स-2’ मध्ये. लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, म्हणजे आपल्या ‘बाटू’त, थोड्या गुणांनी हुकणारी जागा या गटातून मिळू शकते. पण फॉर्म भरतानाच तो रकाना भरायचा आणि कागदपडताळणीला प्रमाणपत्र दाखवायचं. यादी लागल्यावर ‘वडील फौजी आहेत’ हे सांगून काही होत नाही. भूदलातल्यांसाठी आणखी एक : पुण्याजवळ दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. 1994 पासून ते फक्त भूदलातल्यांच्या मुलांना घेतं आणि प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर होतो. नौदलवाल्यांनी तिकडे फॉर्म भरू नये.

युद्धात किंवा कारवाईत शहीद, बेपत्ता वा कायमचे जायबंदी झालेल्यांच्या मुलांची गोष्ट निराळी. 1971 च्या युद्धानंतर सुरू झालेल्या योजनेत त्यांची शिक्षण फी सरकार भरतं. 2017 मध्ये त्यावर महिना 10,000 ची मर्यादा घातली गेली, देशभर नाराजी उठली आणि 2018 मध्ये ती काढली.

आता खरं काम : डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना हाती आलेलं नोंदींचं पुस्तक. वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक अर्जाची सुरुवात त्याच्यापासून होते आणि बहुतेक अर्ज त्यातल्या कुटुंबाच्या पानावर अडतात. पान उघडून पाहा. मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत दोन ‘एल’नी आहे आणि बुकात एकाच. मुलाचा जन्म पेणच्या दवाखान्यातला, जवान तेव्हा लेहला. घरून पत्र गेलं, त्याने युनिटच्या क्लार्कला सांगितलं, क्लार्कने त्याला उमजली ती तारीख घातली. जन्मदाखला एक सांगतो, बुक दुसरं. सगळ्यांत वाईट म्हणजे धाकट्याचं नावच नाही, कारण त्याचा ‘पार्ट टू ऑर्डर’ कधी निघालाच नाही. फौजी भाषेत ‘पार्ट टू’ म्हणजे लग्न, जन्म, पदोन्नती यांची अधिकृत नोंद. ती नाही तर सरकारच्या लेखी ते मूल तुमचं नाही.

दुरुस्ती होते, पण ती जिल्ह्याच्या ठिकाणी होत नाही. ती रेकॉर्ड ऑफिसात होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवायचं आणि वाट पाहायची. यात महिने जातात. निकाल लागल्यावर हे काम काढलं, तर शिष्यवृत्तीची मुदत संपेपर्यंत कागद बेळगावातच असतो. मुलगी अकरावीला गेली की हे पान तपासायचं. दहावीला तपासलं तर आणखी बरं.

जिल्हा कार्यालय अलिबागला. पेणहून वडखळ, पोयनाड करत एसटीने तासाभरात पोचता येतं. रोह्याच्या माणसाचा मात्र अख्खा दिवस जातो. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज बोर्डाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असला, तरी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), गुणपत्रिका, बोर्डाच्या ठरावीक नमुन्यातलं कॉलेजचं बोनाफाईड, आधारशी जोडलेलं विद्यार्थ्याच्याच नावाचं खातं आणि माजी सैनिक असल्याचा जिल्हा कार्यालयाचा दाखला लागतो. बोनाफाईड कॉलेजच्या नेहमीच्या छापील कागदावर आणलं, तर अर्ज परत येतो. क्लार्कसमोर बोर्डाचा नमुना ठेवून सही घ्या.

माहिती पोचत का नाही, यावर माझं एक मत आहे. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे, घरटी फौजी देणारं. तिथे एकाचा फॉर्म भरला की आळीला कळतं. पेण-रोह्यात फौजी घरं विखुरलेली : एक वाशी नाक्याला, एक धाटावच्या कारखान्यांमागे, एक नागोठण्याकडे. इथला निवृत्त जवान गेटवर सिक्युरिटीची बारा तासांची ड्यूटी करतो. रांगेत उभा राहायला त्याला रजा काढावी लागते. म्हणून शक्य तिथे माजी सैनिक संघटनेच्या बैठकीला जा. पाच माणसं एकत्र अलिबागला गेली तर एकाच चकरेत पाचांचं काम होतं.

आता थोडं या सगळ्याच्या उलट बाजूने पाहू. वरच्या यादीत मूल आहे, विधवा आहे. पण ज्याने नोकरी केली तो स्वतः कुठे आहे? अमेरिकेने 22 जून 1944 रोजी ‘जीआय बिल’ केलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकाची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च सरकारने उचलला. त्या कायद्याच्या आधारे सुमारे 22 लाख जण कॉलेजात गेले. 1947 मध्ये तिथल्या कॉलेज प्रवेशांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिकांचे होते. आजच्या त्यांच्या कायद्यात 36 महिन्यांच्या शिक्षणाचा हक्क सैनिकाचा असतो आणि ठरावीक सेवेच्या अटीवर तो मुलाला देता येतो. आपल्याकडे उलटं आहे. आपला शिपाई पस्तीस-चाळिशीत घरी येतो, पुढे वीस वर्षं काम करण्याची ताकद असते, आणि पदवीसाठी त्याच्या हातात तसा हक्क नसतो.

त्याला मिळतं ते असं : सेवेच्या अखेरच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे काही आठवड्यांचे कोर्स. जेसीओ आणि जवानांची फी सरकार भरतं, अधिकाऱ्यांना 40 टक्के स्वतः भरावी लागते. सेवेत असलेल्या वाचकांनी हे सोडू नये, बाहेर आल्यावर ती संधी तशी राहत नाही. दुसरं, 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या काही गट ‘क’ पदांसाठी पदवीधरासारखं धरतात. हे फक्त नोकरीसाठी. ते प्रमाणपत्र घेऊन एम.ए.च्या प्रवेशाला गेलात तर विद्यापीठ परत पाठवेल. खरी पदवी हवी तर इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे; गेटवरची ड्यूटी सांभाळून तिथे शिकता येतं, पण फी आपल्या खिशातून.

फौज आणि शिक्षण यांचं नातं कोकणाला नवं नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी हाती घेतली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिकवत. त्या पिढीने फौजेतून अक्षर घेतलं आणि ते गावात आणलं. आजच्या निवृत्ताला सरकारने तेवढीही जागा ठेवलेली नाही, असं म्हणावंसं वाटतं.

अग्निवीरांचा प्रश्न तर दारातच आहे. 2022 च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होत आहेत. चारांतला एक राहणार, बाकीचे सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून या लेखातल्या माजी सैनिकांच्या योजना त्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी इग्नूची तीन वर्षांची खास पदवी आहे : निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे, निम्मे इतर विषयांचे. घरात अग्निवीर असेल तर त्याला सेवेत असतानाच या पदवीला नाव नोंदवायला सांगा. बाहेर आल्यावर सेवा निधी घराच्या स्लॅबमध्ये जातो आणि पदवी राहून जाते.

या आठवड्यात एवढं करा : डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान आणि मुलांचे जन्मदाखले समोरासमोर ठेवून एक-एक अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर अलिबागला जाऊन दुरुस्तीचा अर्ज लगेच टाका. पुढच्या भागात माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड, आणि त्यासाठीही हेच पान लागणार आहे.