रोबोटच्या तारा : स्वस्त, पण धड

रोबोट म्हटलं की सगळ्यांचं लक्ष मोटर, सेन्सर आणि प्रोग्रॅमकडे जातं. तारांचा विचार होतो तो स्पर्धेच्या आदल्या रात्री, शेजारच्या रूममधून जंपर वायरी उसन्या मागताना. मग रोबोट टेबलावर शहाण्यासारखा वागतो आणि जमिनीवर सोडला की अंगात आल्यासारखा थरथरतो. संशय जातो बोर्डावर. घरी फोन होतो, पैसे येतात, नवा बोर्ड येतो आणि थरथर तशीच राहते. मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधून ‘जळाले’ म्हणून टाकलेले तीन सर्वो मी मागून घेतले. तिन्हींच्या मोटरी ठणठणीत होत्या. दोघांत कनेक्टरमधली पिन तारेवरून सुटलेली, तिसऱ्यात काळी तार वरून अखंड आणि आतून तुटलेली. तिघांच्या दुरुस्तीला मिळून वीतभर तार आणि तीन टर्मिनल लागले.

तेव्हा स्वस्तात केबल करायची तर पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, हे आधी कळायला हवं. माझं मत थोडक्यात असं, की तार भंगारातली चालते, टोक भंगारातलं चालत नाही.

केबलमधून जातं काय ते पाहू. हौशी रोबोटमधल्या सर्वोला तीन तारा असतात. मधली लाल, म्हणजे प्लस. बाजूच्या दोघींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. फुटाबाचा सिग्नल पांढरा, हायटेकचा पिवळा, आणि दोघांचा ग्राउंड काळा. जेआरच्या पद्धतीत सिग्नल नारिंगी आणि ग्राउंड तपकिरी. आपण सर्रास वापरतो तो छोटा निळा एसजी-९० याच पद्धतीचा. प्लस मध्ये ठेवण्यात शहाणपण आहे. कनेक्टर उलटा बसला तरी प्लस प्लसवरच राहतो. सर्वो नुसता गप्प बसतो, सहसा जळत नाही.

सिग्नल म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी येणारी एक पल्स, साधारण १ ते २ मिलिसेकंद रुंदीची. इतक्या संथ कामाला महागडी तार लागत नाही. त्रास देतात त्या तिच्या शेजारणी, प्लस आणि ग्राउंड. हिशेब करून बघा. रिबन केबलची तार बहुधा २८ गेजची असते, तिचा रोध मीटरला सुमारे ०.२ ओहम. अर्धा मीटर केबल म्हणजे जाताना ०.१ आणि येताना ०.१ ओहम. मोठा, मेटल गिअरवाला सर्वो अडकला की १ अँपिअर सहज ओढतो. म्हणजे त्याच्या टोकाचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडपेक्षा ०.१ व्होल्ट वर उचलला गेला. सर्वोला याचं सोयरसुतक नाही. पण त्याच काळ्या तारेवर कुणी लाइन सेन्सरचा ग्राउंड जोडला असेल तर? ५ व्होल्टच्या, १० बिटी एडीसीची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. म्हणजे रीडिंग एकदम २० पायऱ्यांनी सरकलं. हात हलला की रोबोट रेषा सोडतो, आणि आपण प्रोग्रॅममधला थ्रेशोल्ड बदलत बसतो!

यावर उपाय फुकट आहे. सेन्सरचा ग्राउंड स्वतंत्र तारेनं थेट बोर्डापर्यंत आणायचा. मोठ्या सर्वोंचा करंट बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनमधून न नेता, वेगळ्या रेग्युलेटरपासून जाड तारेनं न्यायचा, आणि दोन्हीकडचे ग्राउंड बॅटरीपाशी एकाच ठिकाणी जोडायचे. केबल बारीकच मिळाली असेल तर प्लसला दोन तारा, ग्राउंडला दोन तारा आणि सिग्नलला एक, अशी पाच तारांची पट्टी वापरा. दोन तारा समांतर, रोध निम्मा.

आता तार मिळवायची कुठून? कॉलेजमध्ये तिची खाण आहे, ती म्हणजे कॉम्प्युटर लॅबची अडगळ. जुन्या हार्ड डिस्कच्या रुंद राखाडी आयडीई केबली तिथे अजून पडलेल्या असतात. (न विचारता उचलू नका. ते सगळं डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असतं, आणि लॅबच्या सरांना नंतर ऑडिटला उत्तर द्यावं लागतं. सरळ अर्ज द्या, बहुधा नाही म्हणत नाहीत.) ४० तारांची जुनी आयडीई केबल म्हणजे सोनं. शेजारच्या दोन तारांत १.२७ मिलिमीटर अंतर, आत पिळाची तार, त्यामुळे वळवली तरी तुटत नाही. हव्या तितक्या तारांची पट्टी ब्लेडनं सुरुवात करून हातानं सोलता येते. नंतरच्या काळात आली ती ८० तारांची केबल. रुंदी तितकीच, तारा दुप्पट, त्यामुळे त्या जास्त बारीक. एकाआड एक तार ग्राउंडची असते आणि त्या सगळ्या कनेक्टरमध्ये आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणून तिचा कनेक्टर तसाच ठेवून अर्धी केबल वापरायला जाल तर डोकं फिरेल. कनेक्टर कापून नुसत्या तारा घ्या, त्याही फक्त सिग्नलला. फ्लॉपीची ३४ तारांची केबल मिळाली तर एका टोकाजवळ मधल्या सात तारा कापून पिळलेल्या दिसतील. तो भाग सोडून सरळ भाग घ्यायचा.

दुसरी खाण म्हणजे लॅन केबलचे तुकडे. हॉस्टेलवर नेटवर्कचं काम झालं की फूट-दोन फुटांचे तुकडे कोपऱ्यात पडतात. त्यात चार जोड्या, प्रत्येक जोडी पिळलेली. ही पीळ कामाची आहे. चाकाच्या एन्कोडरचा सिग्नल आणि त्याचा ग्राउंड एका जोडीतून नेला की मोटरचा गोंगाट बराच कमी येतो. मात्र भिंतीतल्या लॅन केबलमध्ये प्रत्येक तार एकच सलग काडी असते. ब्रेडबोर्डवर ती छान बसते, पण रोबोटच्या हलत्या हातावर लावलीत तर वारंवार वळून तुटणारच. हलत्या भागाला पिळाचीच तार हवी. तशी तार तयार पॅच कॉर्डमध्ये सापडते.

भेसळ ओळखायला शिका. स्वस्त लॅन केबलमध्ये वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं. ब्लेडनं खरवडलं की आतून पांढुरकं दिसतं. ती तार लवकर तुटते आणि तिच्यावर सोल्डर नीट धरत नाही. तयार जंपर वायरींतही काही वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड निघतं. तिथे लोहचुंबक न्या. टोकाची पिन चिकटली तर एक वेळ चालेल, पण मधली तार चिकटली तर दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, खिशातून चुंबक काढणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार जरा जपून बोलतो, हा माझा अनुभव आहे.

आता टोकं. इथे हात आखडू नका. बर्ग स्ट्रिपवर बसणारे काळे हाउसिंग आणि त्यातले क्रिंप टर्मिनल सुटे मिळतात. सर्वोलाही तेच चालतात, कारण पिनांमधलं अंतर तेच, २.५४ मिलिमीटर. टर्मिनल नीट पाहिलंत तर त्याला कानांच्या दोन जोड्या दिसतील. पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची इन्सुलेशनला. बाजारी केबली मरतात त्या या मागच्या जोडीमुळे. ती इन्सुलेशनपर्यंत पोचलेलीच नसते, मग ओढ सगळी उघड्या तांब्याच्या केसांवर येते आणि एकेक केस तुटत जातो. तार दोन ते तीन मिलिमीटरच सोला. केस हलके पिळा, पण त्यांना आधी सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात पकड सैल होते. क्रिंप केल्यावर वरून सोल्डर ओतण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. सोल्डर तारेत आत चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि तो संपतो नेमकं तिथेच तार तुटते. क्रिंप धड असेल तर सोल्डरची गरज नाही.

त्यासाठी रॅचेटवालं क्रिंपिंग प्लायर हवं. ते पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, म्हणून प्रत्येक जोड सारखा येतो. एकट्याला महाग वाटेल, पण विंगमध्ये वर्गणी काढली तर एका पिझ्झाचा प्रश्न आहे. साध्या नोज प्लायरनंही जमतं. एक कान वाकवायचा, मग दुसरा, मग दोन्ही दाबायचे. दहा टर्मिनल वाया गेल्यावर हात बसतो. जोड झाला की तार हलकेच ओढून पाहा. जी सुटायची ती टेबलावरच सुटू दे.

जास्त तारा असतील तर एफआरसी कनेक्टर सगळ्यांत सोपा. त्याचे दात इन्सुलेशन कापून स्वतःच तांब्यात शिरतात, सोलणं नाही, क्रिंप नाही. लाल कडेची तार कनेक्टरवरच्या त्रिकोणाकडे ठेवा, आणि वर्कशॉपमधल्या बेंच व्हाइसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये धरून सावकाश, सरळ दाबा. हातोडी मारू नका. एकदा दाबलेला एफआरसी उघडून पुन्हा वापरायचा मोहही टाळा, त्याचे दात दुसऱ्यांदा तसे चावत नाहीत. ८० तारांची केबल यात बसत नाही, कारण अंतर निम्मं. आणि गाडीवर खरोखर धक्के बसणार असतील तर रिलीमेट बरा. तो एकाच बाजूनं बसतो आणि त्याला अडकण असते.

आयटूसीवरचे सेन्सर असतील तर केबल शक्यतो आखूड. त्या दोन तारांपैकी प्रत्येकीवर ४०० पिकोफॅरडपर्यंतच कपॅसिटन्स चालतो आणि केबल लांबली की तो वाढतो. रिबनमध्ये डेटा आणि क्लॉक शेजारी ठेवू नका, मध्ये ग्राउंडची तार घाला.

तपासणी दोनदा करायची. पहिल्यांदा मल्टिमीटरच्या बझरवर, केबल हलवत आणि वाकवत. आवाज मध्येच तुटला तर जोड खराब. पण बझर एका केसावर लटकलेल्या तारेलाही पास करतो. म्हणून दुसरी तपासणी भार टाकून. सर्वो चालू करा, त्याचा हात क्षणभर बोटानं अडवा आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून बोर्डाचा ग्राउंड आणि सर्वोकडचा ग्राउंड यांत फरक मोजा. वरच्या हिशेबाच्या जवळपास आला तर ठीक. तिप्पट-चौपट आला तर टोक परत करा.

शेवटी हाउसिंगच्या मागे हीट श्रिंक चढवा, केबलला सांगाड्यावर झिप टायनं बांधा आणि दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. क्रिंपिंग प्लायर आमच्या विंगमध्ये आहे. वहीत नाव लिहून कुणीही न्यावं. टर्मिनल मात्र स्वतःचे आणा, ते उसने दिलेले आजवर परत आलेले नाहीत.